दोनशे तासांनंतरची रांग

६ मे २०२३, शनिवार. दुपारी बारापर्यंत माझ्या पायलट भाचीसाठी पाच लाख रुपये भरायचे होते. भरले की एअरबस ए-३२० च्या टाइप रेटिंगची, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची पात्रता देणाऱ्या कोर्सची, जागा पक्की, उरलेले दहा लाख सिम्युलेटरला बसण्याआधी. नाही भरले तर जागा पुढच्या मुलाला जाणार. त्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी मी हिशेबाचा कागद घेऊन इंदूरच्या सुदामा नगरात बहिणीकडे गेलो. कागदाचा कल ‘भरा’ असाच होता. भाचीने चहा टाकला होता, मेहुणे क्लॉथ मार्केटमधून यायचे होते. तेवढ्यात बहीण आतून म्हणाली, “दादा, टीव्ही लाव बरं जरा.” गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि दुसऱ्या दिवसापासूनची उड्डाणं रद्द झाली होती.

गो फर्स्टचा सगळा ताफा ए-३२० चा. ज्या विमानाचं रेटिंग आम्ही आणखी कर्ज काढून घ्यायला निघालो होतो, तेच विमान हजार-दोन हजार तास उडवलेले शेकडो पायलट एका रात्रीत नोकरी शोधायला बाहेर पडणार होते. चहा गार झाला. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

प्रकरण माझ्या भाचीचं आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. घरातल्या माणसाचा प्रश्नही फाइलसारखा मांडायची खोड जात नाही. शिवाय आपल्याकडे, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांत, ‘मुलगा पायलट व्हायचं म्हणतोय’ असं सांगत माझ्याकडे येणारे आईबाप वाढलेत. त्यांना दरवेळी हीच गोष्ट तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी.

फाइल

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, गुण चांगले. वैद्यकीय तपासणीचा क्लास टू इंदुरातच झाला, क्लास वनसाठी दिल्लीला एएफसीएमई या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्राच्या फेऱ्या. ग्राउंड क्लास दिल्लीतल्या द्वारकेत. तिथे एकेका गल्लीत नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवणारे इतके क्लास आहेत, की आपल्या इंदुरातल्या क्लासवाल्या भंवरकुआची आठवण यावी. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, प्रत्येक पेपरात ७० टक्के लागतात. ते तिने पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात काढले. मग फ्लाइंग स्कूल. सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी, किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून. विमान दुरुस्तीला गेलं, पाऊस लांबला, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, अशा कारणांनी वर्षाचं काम पावणेदोन वर्षांवर गेलं. परवाना हातात पडला फेब्रुवारी २०२०. त्या वर्षी देशभरात डीजीसीएने ५७८ सीपीएल दिले, त्यातला हा एक.

पुढच्याच महिन्यात देशातली विमानं जमिनीवर आली.

एकूण खर्च ४२ लाख. त्यातले २८ लाख शैक्षणिक कर्ज, घर गहाण ठेवून. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागतेच. कर्जाच्या अटीत शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत होती. हा एक वर्षाचा आकडा मी स्वतः शेकडो फाइलींवर लिहिलेला आहे, आणि त्यामागे एक गृहीत असतं: वर्षभरात मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागेल. इंजिनीअरच्या बाबतीत ते बहुधा खरं ठरतं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिचा हप्ता सुरू झाला तेव्हा विमान कंपन्या आहेत त्याच पायलटांचे पगार कापत होत्या. चढलेलं व्याज धरून मुद्दल ३३ लाखांवर गेलं होतं, पंधरा वर्षांच्या मुदतीला महिना ३६,५०० रुपये. मेहुणे क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहितात, बहीण शाळेत शिकवते. वरचा मजला भाड्याने गेला, भाची खोली सोडून हॉलमध्ये झोपायला लागली आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवू लागली.

हप्ता सगळ्यांना दिसतो. मला जास्त सलला तो दुसरा खर्च. परवान्याचा कागद तेव्हा पाच वर्षांचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून तो दहा वर्षांचा झाला, आणि पेपरात ‘पायलटांना दिलासा’ म्हणून बातमीही आली. पण नुसत्या परवान्यावर कोणी मुलाखतीला बोलवत नाही. क्लास वन मेडिकल दरवर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवायची पात्रता, दरवर्षी, तेही मल्टी-इंजिन विमानावर, म्हणजे पुन्हा फ्लाइंग स्कूल, पुन्हा तासाचे पैसे, तारीख मिळेपर्यंत पुन्हा लॉजमध्ये मुक्काम. तिला वर्षाला पावणेदोन लाख लागत. यातून ती काहीच नवीन शिकत नव्हती. हे पैसे होते नुसतं ‘अर्ज करायला पात्र’ राहण्याचे. जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, आली की दहा दिवसांची मुदत, आणि त्या दहा दिवसांत सगळे कागद चालू हवेत.

तिच्या बॅचच्या दोघांनी २०२२ मध्ये नूतनीकरण सोडलं. एक खरगोनला वडिलांच्या बियाण्यांच्या दुकानात बसतो. तो तिच्यापेक्षा बरा उडवायचा, असं तीच सांगते. कंपनीच्या कोणत्याही परीक्षेत तो नापास झालेला नाही, कारण परीक्षेपर्यंत तो पोचलाच नाही.

टंचाई कुणाची

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. त्या दिवसाचं कात्रण बहिणीने देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलं होतं. जूनमध्ये इंडिगोने ५०० ची नोंदवली. ‘देशात पायलटांची टंचाई’ असे मथळे रोज. मग मुलीला नोकरी का नाही, हा प्रश्न नातेवाईक विचारायचे आणि त्यात थोडा संशयही असायचा.

टंचाई खरी होती, पण कॅप्टनांची. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना, १५०० तासांनंतर मिळतो. हे तास कंपनीत बसूनच होतात. २०० तासांच्या मुलाला को-पायलट करायचं तर आधी टाइप रेटिंग, मग प्रत्यक्ष प्रवासी विमानात ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून कित्येक उड्डाणं. सिम्युलेटर मोजके, ट्रेनिंग कॅप्टन त्याहून मोजके. विमानं कितीही मागवा, नवी मुलं आत घेण्याचं दार या दोन गोष्टींइतकंच रुंद. आणि दाराबाहेरची गर्दी वाढतच होती: २०२२ मध्ये ११६५ नवे सीपीएल निघाले, २०२३ मध्ये १६२२. डीजीसीएचा २०१७ चा नियम असा, की नोकरी सोडणाऱ्या कॅप्टनने एक वर्षाची नोटीस द्यायची आणि को-पायलटने सहा महिन्यांची. कंपनी कुणाला धरून ठेवू पाहते ते यावरून कळतं. दोनशे तासवाल्याला कुणी धरून ठेवत नाही.

अशा गर्दीत कंपनीने चाळणी लावणं साहजिक आहे. त्यातली एक चाळणी ‘टाइप रेटेड उमेदवारांना प्राधान्य’. मी कंपनीच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. प्रशिक्षणाचा खर्च आणि नापास होण्याची जोखीम दोन्ही उमेदवारावर गेली. पण हे प्राधान्य ज्याला १५ लाख उभे करता येतात त्यालाच. शिवाय रेटिंग घेऊन संपत नाही. प्रावीण्य तपासणीची मुदत सहा महिन्यांची, ती टळली की सिम्युलेटरचे पैसे पुन्हा.

दुसरा रस्ता कॅडेट योजनांचा. तिथे कंपनी आधी निवड करते आणि मग प्रशिक्षण होतं. हा क्रम मला जास्त शहाणा वाटतो. नापास व्हायचं तर घर गहाण टाकण्याआधी व्हावं. पण त्याचा आकडा कोटीच्या घरात जातो. सुदामा नगरातलं ते दोन मजली घर विकलं असतं तरी पुरता झाला नसता.

तर ६ मेचा निर्णय. मंगळवारपर्यंत माझा कागद म्हणत होता: १५ लाख घाला, सहा-आठ महिन्यांत नोकरी, पहिल्या दोन वर्षांच्या पगारात वसुली. गो फर्स्टच्या बातमीने ‘सहा-आठ महिने’ हा रकानाच खोटा पाडला. त्याच विमानावर शून्य तास असलेली आमची मुलगी आणि हजार तास असलेला उमेदवार एकाच जाहिरातीत. शुक्रवारी रात्री मी नको म्हणालो. मेहुणे काहीच बोलले नाहीत. भाची म्हणाली, “मामा, तू नको म्हणतोयस ते पैशामुळे की मला जमणार नाही म्हणून?” पैशामुळे, असं सांगितलं. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

ती जागा तिच्याच बॅचच्या, देवासच्या मुलाने घेतली. त्याच्या काकांनी शेत विकलं होतं.

परीक्षेची खोली

सप्टेंबर २०२३ मध्ये एका कंपनीने रेटिंग नसलेल्यांसाठी जाहिरात काढली. लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर, सगळ्यांना सारखे प्रश्न, निकाल दोन दिवसांत. पास. दुसरा टप्पा अभिवृत्ती चाचणीचा: एका हाताने जॉयस्टिकवर ठिपका चौकोनात धरायचा, कानात आकडे ऐकू येत असतात त्यांची बेरीज करायची, मधेच लाल दिवा लागला की पायाने पेडल दाबायचं. याची तिने घरी तयारी केली होती, व्हिडिओ गेमची जुनी जॉयस्टिक घेऊन आणि समोर धाकट्या भावाला पाढे म्हणायला बसवून. इथेही पास. या खोलीत तिला कुणी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही.

मुलाखतीत तिघे बसले होते. तांत्रिक प्रश्न तिला आवडले. इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर, मे महिन्यात पारा ४२ वर गेला तर डेन्सिटी अल्टिट्यूड किती? तिने मनात गुणाकार करून साडेपाच हजारांच्या आसपास सांगितलं. म्हणजे त्या दुपारी विमानाला इंदूर साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, धावपट्टी जास्त लागते. “रोज ज्या गच्चीवर पापड वाळत घालतो तिथली गोष्ट होती,” असं नंतर म्हणाली.

मग तिसरा माणूस. घरात कुणी एव्हिएशनमध्ये आहे का? नाही. साडेतीन वर्षं काय केलं? शिकवण्या. लग्नाचा काय विचार आहे? या प्रश्नाला ती अडखळली. रेडिओवरचं इंग्रजी तिचं पक्कं, ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. पण मनातलं इंग्रजीत बोलायची सवय इंदूरच्या घरात कुठून असणार? आम्ही घरी मराठी, जिना उतरलं की हिंदी. भारतात महिला पायलटांचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट, आणि हे आपण मिरवतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिल्चर सर्व-महिला उड्डाण नेलं, त्यालाही आता चार दशकं होऊन गेली. तरी तो प्रश्न बाहेर बसलेल्या मुलांपैकी कुणालाही विचारला गेला नाही. तिने एकेकाला विचारून खात्री केली.

आठ दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला. घरात सगळे त्याला ‘रिग्रेट’ म्हणतात, जसा तो एखादा आजार आहे. गुण नाहीत, क्रमांक नाही, कारण नाही. सहा महिने पुन्हा अर्ज करायचा नाही.

बहिणीचा राग या ईमेलवर जास्त होता. आमच्या इंदुरात पीएससीचं मुख्यालय आहे. रेसिडेन्सी भागात त्या कार्यालयासमोर मुलं धरणं देऊन बसलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. तिथे निदान यादी लागते, कट-ऑफ कळतो, कोर्टात जाता येतं. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा भरतीत आरक्षण होतं. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि तो विषय संपला. खासगी कंपनीला कारण विचारायची सोय नाही. मी बहिणीला म्हटलं, यादी लागते म्हणजे न्याय होतोच असं नाही, आपण व्यापमच्या, म्हणजे त्या भरती घोटाळ्याच्या, राज्यात राहतो. ती म्हणाली, “अरे, पण व्यापम पकडलं गेलं कशामुळे? कागद होते म्हणूनच ना?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी स्वतः आयुष्यभर कर्जाचे अर्ज नामंजूर केले आणि पत्रात ‘आमच्या निकषांत बसत नाही’ एवढंच लिहिलं, हेही मला त्या दिवसांत आठवत होतं. ते असो.

मधे एक दलाल येऊन गेला. विजय नगरच्या एका कॅफेत मेहुण्यांना भेटला, “भिया, ऊपर तक सेटिंग है अपनी,” आठ लाख. मेहुण्यांनी कॉफीचे पैसे दिले आणि उठले. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवणारे पायलट सापडले होते, तेव्हापासून कागदांची छाननी कडक झाली आहे. पण नोकरीच्या रांगेत घाबरलेले आईबाप असतात तोवर अशा लोकांचा धंदा चालायचाच.

तारीख

या प्रकरणातली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी गोष्ट मात्र मुलाखतीतली नाही. ती २०२४ च्या एका जाहिरातीतल्या अर्ध्या ओळीत होती: सीपीएल मिळून पाच वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत.

यात वाईट हेतू नाही. शिकलेलं गंजतं, म्हणून ताजे उमेदवार हवेत. पण तिच्या परवान्याची तारीख फेब्रुवारी २०२०, म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपणार. त्यातली पहिली दोन वर्षं देशात जवळजवळ कुणीच भरती करत नव्हतं. त्या काळात तिने दरवर्षी पावणेदोन लाख खर्चून रेटिंग चालू ठेवलं होतं, म्हणजे गंज चढू दिला नव्हता. जाहिरातीला ते दिसत नव्हतं, तिला फक्त तारीख दिसत होती. कोविडच्या आधी आणि नंतर परवाना मिळवलेल्यांना ही अट सहज मानवते; मधल्या वर्षांतली मुलं, त्या ५७८ मधली, आपोआप कडेला जातात. बँकेत आम्हाला मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. तशी मुभा ‘पाच वर्षं’ मोजताना कुणाला सुचली नाही. ती कंपनीला पत्र पाठवू म्हणाली. मी मसुदा करून दिला, दोन पानांचा. उत्तर आलं नाही.

देवासच्या मुलाला ऑगस्ट २०२४ मध्ये नोकरी लागली. टाइप रेटिंगची जागा घेतल्यापासून त्याला सव्वा वर्ष थांबावं लागलं, दोनदा सिम्युलेटरचे पैसे भरावे लागले, पण लागली. भाचीला जानेवारी २०२५ मध्ये. दुसरी कंपनी, दुसरी मुलाखत, या खेपेला लग्नाचा प्रश्न नव्हता. रेटिंग कंपनीकडून, बदल्यात बाँड. फेब्रुवारी उजाडला असता तर त्या पाच वर्षांच्या अटीत ती अडकली असती.

मी नको म्हणालो ते बरोबर होतं का? पैशात पाहिलं तर आमचे १५ लाख वाचले. पण या धंद्यात सिनिऑरिटीचा क्रमांक रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो, आणि बेस, म्हणजे मुक्कामाचं शहर, मागताना, कॅप्टनच्या बढतीसाठी, तो क्रमांक निवृत्तीपर्यंत सोबत येतो. एकाच कंपनीत असते तर तो मुलगा तिच्या कायम पुढे राहिला असता. माझ्या कागदावर हा रकाना नव्हता. सध्या माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी फीच्या आधी त्यांना परवान्यानंतरची तीन वर्षं मांडायला लावतो: हप्ता, मेडिकल, रेटिंग, लॉज. बरेच जण तिथेच गप्प होतात. ज्यांची तयारी असते त्यांना मी अडवत नाही.

उड्डाणवेळेचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले, आठवड्याची विश्रांती जुलैपासूनच ३६ वरून ४८ तासांची झाली होती, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं कशी कोलमडली ते सगळ्यांनी पाहिलं. पायलट कमी पडतात म्हटल्यावर कंपन्यांची पुन्हा धावपळ. भाचीच्या कंपनीने आतल्या लोकांना नावं सुचवायला सांगितली. ती दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती. सकाळी पोहे खाता खाता तिने फोनवर एक फॉर्म भरला. खरगोनच्या मुलाचा. त्याने पुन्हा रेटिंग चालू करायला घेतलं होतं.

मी म्हटलं, “काय गं, रेफरन्सवाल्यांना नावं तूच ठेवायचीस ना?”

“मामा, तो खरंच चांगला उडवतो.”

“आणि ज्यांना तू ओळखत नाहीस ते?”

तिने फोन उलटा ठेवला, बशीतले शेंगदाणे एका बाजूला केले आणि आईला विचारलं, जिलबी आणली की नाही म्हणून.